मोळी कोणाची, राख कोणाची?

घोडबंदर रोडवरील सुखवस्तू वस्त्यांत दोन विधाने वारंवार ऐकू येतात. एक, येऊरच्या आदिवासी बायकांनी मोळ्या वाहून वाहून जंगल संपवले. दुसरे, लाकूड हे हरित इंधन आहे. झाड तोडले तरी ते पुन्हा वाढतेच. पुष्कळदा ही दोन्ही विधाने एकाच मुखातून बाहेर पडतात. लाकूड जाळल्याने रानाचे काही बिघडत नसेल, तर त्या बाईचा अपराध तो कोणता? आणि बिघडत असेल, तर हरितपणा कोठला?

झाड पुन्हा वाढते, हे खरे. पण कशावर वाढते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. नत्र, स्फुरद, पालाश आणि चुना ही झाडाची शिदोरी. ती खोडात असते त्यापेक्षा पानांत, सालीत आणि कोवळ्या डहाळ्यांत दाट असते. एकट्या खोडाचा वासा नेला तर माती ते सोसते. पण ‘टाकाऊ’ म्हणून फांद्या, पाने, काटक्याही नेल्या, तर वजनाने थोडेच अधिक जाते आणि शिदोरीतून मात्र कितीतरी अधिक. शिवाय आपल्याकडे वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पालापाचोळ्याचे पांघरूण ओढून घेतलेल्या उतारावर पहिल्या पावसाचे थेंब थेट मातीवर आदळतात, आणि तिचा वरचा सुपीक थर खाडीच्या वाटेला लागतो. मुळे शाबूत असलेला साग वा ऐन बुंध्यापासून पुन्हा फुटतो खरा. पण तो फुटवाही पुन्हा पुन्हा छाटला की वृक्षाचे झुडूप होऊन राहते.

हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. भाताची रोपे करण्यापूर्वी ऐनासारख्या झाडांचे टहाळ तोडून ते शेतात भाजायचे, ही राबाची पद्धत जुन्या ठाणे जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ऐनाच्या सालीत चुना इतका, की तिची राख चुन्याऐवजी विड्याला लावीत. १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने आयोग नेमला, तेव्हा राब हा वादाचा मोठा विषय होता. टहाळ तोडून झाडे खुरटतात, असे जंगलखात्याचे म्हणणे. राबावाचून रोप येत नाही, असे शेतकऱ्याचे. माझ्या मते दोघेही खरे बोलत होते. भाताच्या खाचराला जे मिळत होते, ते रानाच्या ताटातले होते. पण ती राख निदान त्याच शिवारात राहत असे. बॉयलरची राख कोठे जाते?

स्वीडन, नॉर्वे व फिनलंड या देशांत याची रीतसर मोजणी झाली आहे. विरळणी करताना खोडांबरोबर फांद्या व पालाही नेलेल्या पाइन व स्प्रूसच्या वनांत उरलेल्या झाडांची वाढ पुढील दहा वर्षांत सुमारे पाच-सहा टक्क्यांनी घटली. नेलेल्याची भरपाई खतरूपाने केली तेथे ही घट दिसली नाही. स्वीडनमध्ये म्हणूनच राख रानात परत नेण्याची शिफारस केली जाते. त्याच युरोपात, इंग्लंडमधील ड्रॅक्सचे वीजकेंद्र अमेरिकेतून आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळते, आणि धुराड्यातून निघणारा कार्बन हिशेबात शून्य धरला जातो! झाड एका दुपारी जळते. त्याच्या जागी तेवढे झाड उभे राहायला दशके लागतात, आणि माती निःसत्त्व झाली असेल तर त्याहून अधिक. आपल्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली कोळशाबरोबर पाच टक्के जैवइंधन जाळण्याचे धोरण जाहीर केले. त्याचा भर शेतातील काडीकचऱ्यावर आहे, हे चांगले. पण जळणाला एकदा बाजारभाव आला, की कुऱ्हाड बांध आणि वनाची हद्द यांत भेद करीत नाही.

आता त्या मोळीकडे वळू. पाटोणपाड्याच्या वा जांभूळपाड्याच्या बाईला गॅस नको असतो, असे नाही. २०२२ साली सिलिंडर हजार रुपयांच्या वर गेला, तेव्हा रोजंदारीवरच्या घराने काय करावे? तिची मोळी निरुपद्रवी आहे, असे मी म्हणणार नाही. पाड्यालगतचे रान रोजच्या तोडीने झिजतेच, आणि राष्ट्रीय उद्यानातून लाकूड नेण्यास १९७२च्या वन्यजीव कायद्याचीही आडकाठी आहे. पण चुलीची भूक दोन भाकऱ्यांची असते. बाजाराच्या भुकेला अशी सीमा नाही. एक किलो कोळशासाठी मातीच्या भट्टीत चार ते सहा किलो लाकूड जाते, आणि अशा भट्ट्यांवर आगाऊ उचलीच्या पायी राबणारी कुटुंबे बहुधा कातकऱ्यांची असतात. बार्बेक्यूच्या निखाऱ्यावर भाजलेले मांस चाखत मोळीवालीला दूषणे देणे, हा न्याय नव्हे.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांच्या हाती काही गोष्टी आहेत. पाड्यांवर सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च उचलणे, हे मोळीविरुद्धच्या भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडेल. संकुलातला पाचोळा जाळायचा नाही, झाडांच्या आळ्यांत घालायचा. आणि पुढच्या लग्नसराईत जेवणाचा ठेका देताना ताटाच्या दराबरोबर कोळसा कोठून येतो, हेही विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर सारा स्वयंपाक गॅसवर करायला सांगावे.