आंखूड सिद्धता

महाड-पोलादपूरकडील आमच्या वाचकांस कशेडीचा घाट नवा नाहीं. वळणें घेत डोंगर चढावयाचा आणि खेडकडे उतरावयाचें, ही जुनी रीत. आतां त्याच डोंगराच्या पोटांतून बोगदा झाला आहे. गणितांतील लांबलचक सिद्धतांनाहि असे बोगदे काढतां येतील काय?

जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांस हा प्रश्न पडला होता. १९०० सालीं त्यांनीं जगापुढें तेवीस प्रश्न मांडले. सर्वांत सोपी सिद्धता कशी ओळखावी, हा चोविसावा मात्र वहींतच राहिला व २००० सालीं उजेडांत आला. तोंवर अमेरिकेंतील आर्गॉन प्रयोगशाळेंत लॅरी वॉस हे ‘ऑटर’ नामक संगणक-प्रणालीकडून जुन्याहून आंखूड सिद्धता शोधून घेऊं लागले होते.

परंतु बोगद्यांतून जाणारास डोंगर दिसत नाहीं. या दृष्टीनें डिसेंबर २०१७ मधील एक हकीकत मननीय आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अपूर्व खरे यांचा एक प्रश्न टेरेन्स टाओ यांनीं सर्वांपुढें ठेवला. अक्षरें व त्यांचीं उलट अक्षरें जोडून शब्द करावयाचे व प्रत्येकास लांबी द्यावयाची. जोडशब्दाची लांबी दोहोंच्या बेरजेहून अधिक नसावी. शब्द दोनदां लिहितांच ती बरोबर दुप्पट व्हावी. कोऱ्या शब्दाखेरीज कोणाचीहि शून्य नसावी. जेथें अक्षरांचा क्रम बदलल्यानें शब्द बदलतो, तेथें हें साधेल काय?

त्याच संस्थेंतील सिद्धार्थ गाडगीळ हे पुण्याच्या माधव व सुलोचना गाडगीळ या शास्त्रज्ञ दांपत्याचे चिरंजीव. त्यांनीं संगणकाकडून एका शब्दाच्या लांबीची मर्यादा काढविली व तिची सिद्धता ओळीनें प्रसिद्ध केली. प्रत्येक पायरी तपासतां येत होती. ‘कां’ तेवढें दिसत नव्हतें. पेस नील्सेन यांनीं ती वाचून तींतील मर्म हेरलें, सर्वांनीं तें व्यापक केलें, आणि थोड्याच दिवसांत निकाल लागला: हें साधणें अशक्य! २०१८ सालीं छापून आलेली सिद्धता माणसांस समजेल अशीच आहे.

यंत्रानें वाट दाखविली. ती ओळखण्यास वाचणारा लागला. आज घरोघरीं मुलांस यंत्राकडून तयार उत्तरें मिळतात. तीं बंद करा, असें आम्ही म्हणत नाहीं. मुलानें आंखूड उत्तर आणलें तर आईबापांनीं शाबासकी द्यावी. मात्र वही मिटण्यापूर्वीं ‘हें असें कां?’ एवढें अवश्य विचारावें.