ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, हक्क कुणाचा?

१८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. मुदत दोन महिने. कागदावर काम सोपं होतं. बाईने आपला आधार क्रमांक टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर जाणारा ओटीपीही भरायचा.

आता हा नियम घेऊन म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडच्या मोहल्ल्यांत या. इथले किती पुरुष कुवेत, सौदी, कतारला आहेत, किती जहाजावर आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. गावाकडचं सिमकार्ड रिचार्जअभावी कधीच बंद पडलेलं असतं. चालू असलंच तर इकडे बायकोने पोर्टल उघडायचं आणि तिकडे नवऱ्याने ड्युटीवर फोन हातात धरून बसायचं. आधारचा नंबर बदलून घ्यायचा, तर माणूसच इथे नाही.

नवरा हयात नसेल आणि वडीलही नसतील, तर काय? सुरुवातीला त्या पोर्टलवर याला उत्तर नव्हतं. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. विधवा आणि घटस्फोटित महिलांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत, अशी वाट काढली गेली. महाराष्ट्रात विधवा राहतात हे सरकारला ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल? विधवांना अर्थसाहाय्य देणारी संजय गांधी निराधार योजना हेच सरकार कितीतरी वर्षं चालवतंय. पण स्क्रीन बनली तेव्हा ती बाई कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात ‘एज केस’ असा एक शब्द आहे. म्हणजे क्वचित घडणारा, नेहमीच्या रीतीत न बसणारा प्रसंग. बहुतेक वेळा तो ‘पुढच्या व्हर्जनमध्ये बघू’ म्हणून बाजूला पडतो. नवरा परदेशी, नवरा बेपत्ता, नवरा वारलेला, हे सगळं मुंबईतल्या मीटिंगमध्ये एज केस असेल. आपल्या किनाऱ्यावर तो रोजचा संसार आहे. कुणाचा संसार नेहमीचा आणि कुणाचा अपवादाचा, हे ठरवणं म्हणजेच राजकारण. ते आता भाषणात होत नाही, फॉर्मच्या रकान्यात होतं.

ही अट कायदा करून आलेली नाही. ती शासकीय परिपत्रकाने आली आणि तिचा खरा अर्थ स्क्रीनवर ठरला. आमदाराला भर सभेत उभं करून जाब विचारता येतो. ‘इनव्हॅलिड ओटीपी’ला कुणी काय विचारायचं?

पुढचा नमुना बघा. त्याच ई-केवायसीत एक घोषणा होती. घरातलं कुणी कायम सरकारी नोकरीत नाही, निवृत्तीवेतन घेत नाही, अशा अर्थाचं नकारार्थी वाक्य आणि खाली ‘होय’ किंवा ‘नाही’. घरात सरकारी नोकर नसलेल्या बाईने काय दाबायचं? व्याकरणाने ‘होय’. पण घाईत माणूस ‘नाही’ दाबतो, कारण घरात कुणी नोकरीला ‘नाही’. असा चुकीचा पर्याय निवडला गेल्यामुळे अनेकींचे पैसे थांबले. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणी करण्याचे आदेश निघाले. म्हणजे यंत्राने घातलेला गोंधळ निस्तरायला पुन्हा घरोघर जाणारी बाईच लागली. तिला आधीच विचारलं असतं, तर ते वाक्य तिने पाच मिनिटांत सरळ करून दिलं असतं.

त्याआधी, जुलै २०२५ मध्ये, वेगवेगळ्या खात्यांची माहिती जुळवून सुमारे २६.३४ लाख लाभार्थींचे पैसे थांबवल्याचं सरकारने जाहीर केलं होतं. अपात्रांना वगळणं हे सरकारचं कामच आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण वेळ बघा. योजना जाहीर झाली जून २०२४ मध्ये, विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबर २०२४ ला. मतदानाआधी दार सताड उघडं, मतदानानंतर चाळणी. चाळणी लावण्याचं तंत्र काही मतदानानंतर जन्माला आलं नव्हतं. ती कधी लावायची, हे माणसांनी ठरवलं. ‘सिस्टीमने नाव काढलं’ असं कुणी म्हणालं तर विचारा, सिस्टीमला ते सांगितलं कुणी?

माहिती जुळवण्याचा हा खेळ किती महागात पडतो, ते शेजारच्या तेलंगणात दिसलं. २०१४ ते २०१९ या काळात तिथे १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका नोटिशीशिवाय रद्द झाल्या. त्यासाठी ‘समग्र वेदिका’ ही संगणकीय यंत्रणा वापरली गेली. एका गरीब मुस्लिम विधवेला रेशन नाकारलं गेलं, कारण तिच्या नवऱ्याच्या नावे यंत्रणेने मोटारगाडी चढवली होती. गाडी होती मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की रद्द केलेल्या कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करा. आपल्या घरातली कागदपत्रं काढून बघा. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मुहम्मद, तिसऱ्यावर नुसतं ‘मोहं.’, कुठे शेख आधी, कुठे शेवटी. माणूस एक, पण यंत्राला तीन दिसतात. कधी माणसं तीन असतात आणि यंत्राला एक दिसतो.

हे फक्त गरीब देशात घडतं, असंही नाही. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक केल्याचा ठपका कर खात्याने हजारो पालकांवर ठेवला. संशयित निवडताना नागरिकत्व हाही एक निकष होता. तुर्की आणि मोरोक्कन मुळाची अनेक कुटुंबं त्यात कर्जबाजारी झाली. खासदारांनी वर्षानुवर्षं प्रश्न विचारले, पत्रकारांनी कागद बाहेर काढले आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. मुद्दा लक्षात घ्या. निकष लपलेला होता तोवर तो ‘तांत्रिक बाब’ होता. उघड झाल्यावर त्याने सरकार पाडलं.

‘इंजिनीअर असून तंत्रज्ञानाला विरोध?’ असं कुणी विचारेल. अजिबात नाही. पैसे थेट बाईच्या खात्यात जातात आणि मधला दलाल हटतो, हे चांगलंच आहे. माझा विरोध आहे तो अपील नसलेल्या निकालाला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्याकडे वीज आणि मोबाईल किती दिवस बंद होते, ते सर्वांनी भोगलंय. तेव्हा पडलेल्या घरांचे पंचनामे माणसांनी गावात येऊन केले. ओटीपीवर काम अडलं असतं, तर छपरावरचे पत्रे आजही यायचे असते.

आता थोडं आपल्याबद्दल. नवी योजना आली की मोहल्ल्यात शिबिर लागतं. तरुण पोरं लॅपटॉप घेऊन रात्री उशिरापर्यंत फॉर्म भरतात. ही खिदमत मोलाची आहे. पण तेवढ्यावर थांबलो, तर आपण सरकारचं फुकटचं हेल्पडेस्क ठरतो. फॉर्म भरणारे शेकडो आहेत. हा फॉर्म असा का, असं विचारणारा एकही नाही.

ते विचारायची साधनं आपल्याकडे आहेत. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं सरकारवर बंधनकारक आहे. तालुक्यात किती नावं थांबली, कोणत्या निकषाने, किती पुन्हा सुरू झाली, हे अर्ज करून मागा. ग्रामसभेत ठराव घ्या. महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे याच किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनच्या आमदार आहेत. निवेदन द्यायला मंत्रालय गाठावं लागत नाही.

मागण्या तीनच ठेवा. नाव थांबवण्याआधी कारणासह लेखी नोटीस. संगणकाचा निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी तालुक्याला. आणि राज्यभर लागू करण्याआधी प्रत्येक फॉर्मची गावात चाचणी.

या मागण्या फक्त मुसलमानांच्या म्हणून मांडू नका, कारण त्या तशा नाहीतच. कोळीवाड्यातल्या बाईचा नवरा बोटीवर असतो, तिथे रेंज नसते. कातकरी कुटुंब वीटभट्टीवर गेलेलं असतं, कधी घरात फोनच नसतो. त्यांना सोबत घेतलं, तर हा प्रश्न सबंध किनाऱ्याचा होतो. एकट्या मोहल्ल्याला टाळणं सोपं असतं, किनाऱ्याला टाळणं अवघड.

२०२७ ची जनगणना मोबाईल अॅपवर होणार आहे आणि तिच्यात जातही विचारली जाणार आहे. आपल्या बिरादरीचं नाव तिथे कसं नोंदवलं जाईल, हे मोजणी संपल्यावर विचारून उपयोग नाही.

म्हणून पुढच्या शिबिरात लॅपटॉपशेजारी एक साधी वही ठेवा. कुठल्या तारखेला, कुठल्या पायरीवर, कोणता संदेश येऊन काम अडलं, एवढं लिहा. आधार क्रमांक लिहू नका. महिन्याने वहीची झेरॉक्स काढा, तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या.