भाऊबंदकी, युरोपच्या अंगणातली

फुटबॉलच्या चाहत्याला कोणता सामना सर्वांत जास्त छळतो, असे विचारले तर बहुतेकजण अंतिम सामन्याचे नाव घेतील. ते तितकेसे खरे नाही. अंतिम सामना एका रात्रीत संपतो, आणि तो हरला तरी तिथवर पोहोचल्याचे समाधान गाठीला उरते. उपान्त्य सामन्याचे तसे नाही. तो दोन टप्प्यांत खेळला जातो, मध्ये आठवडाभर जीव टांगणीला लागतो आणि हरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यात समोरचा संघ आपल्याच देशाचा, किंबहुना आपल्याच गावचा निघाला, तर त्या चाहत्याच्या हालाला पारावार नसतो. परक्याकडून हरलेला माणूस घरी येऊन दार लावून झोपू शकतो. शेजाऱ्याकडून हरलेल्याला सकाळी जिन्यात तोच शेजारी भेटतो. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला जे कधी शाहू स्टेडियमवर गेले असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या छळाचा नमुना पाहायचा तर 2003 सालच्या मे महिन्यात मिलानला जायला हवे. चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत त्या वर्षी एसी मिलान आणि इंटर समोरासमोर आले. दोन्ही संघ एकाच शहराचे. इतकेच नव्हे, तर दोघांचे मैदानही एकच, सान सिरो. एका घराची दोन घरे कशी झाली, ती हकिगत आपल्याला ओळखीची वाटावी अशी आहे. मिलान क्लब 1899 साली काही इंग्रजांनी स्थापला. पुढे परदेशी खेळाडू घ्यावेत की नाहीत यावरून भांडण झाले आणि 1908 साली एक गट बाहेर पडला. सर्व देशांच्या माणसांना दार उघडे, म्हणून त्याने नाव घेतले इंटरनाझिओनाले. मैदान मिलानचे अध्यक्ष पिएरो पिरेली यांच्या पुढाकाराने 1926 साली उभे राहिले. इंटर तिथे राहायला आला तो 1947 साली. म्हणजे वेगळी चूल मांडलेला भाऊ चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच वाड्यात आला. 1980 साली मैदानाला जुझेप्पे मेआझ्झा या थोर खेळाडूचे नाव दिले गेले. तो दोन्हीकडून खेळला होता खरा, पण त्याची उमेद इंटरमध्ये गेली. त्यामुळे मिलानचे चाहते आजही सान सिरोच म्हणतात!

पूर्वी मिलानचे चाहते म्हणजे कारखान्यातले कामगार आणि इंटरचे म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेले मध्यमवर्गीय, अशी वाटणी सांगितली जाई. एकांना ‘स्क्रूड्रायव्हरवाले’ म्हणत, दुसऱ्यांना ‘बढाईखोर’. ती वाटणी केव्हाच पुसली गेली. आता एकाच कचेरीत, कधी एकाच घरात दोन्ही रंग नांदतात, आणि म्हणूनच 2003 चा तो आठवडा जड गेला. इंटरच्या चाहत्याची अवस्था तर विशेष दयनीय होती. युरोपचा चषक 1965 नंतर घरी आलेला नव्हता, इटलीचे विजेतेपद 1989 नंतर. आदल्याच वर्षी, 5 मे 2002 रोजी, अव्वल स्थानावर असताना शेवटच्या सामन्यात लॅझिओकडून 4-2 असा पराभव झाला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. भरीस भर म्हणून इंटरने सोडून दिलेले पिर्लो आणि सीडॉर्फ आता मिलानच्या संघात होते. अशा माणसाला उमेद आणि धास्ती यांतला फरक तरी कळत असेल का?

पहिला सामना 7 मे रोजी झाला. यजमान नावापुरता मिलान. 0-0. दुसरा 13 मे रोजी, यजमान नावापुरता इंटर. मध्यंतराच्या तोंडावर शेवचेन्कोने मिलानकडून गोल केला. सामना संपायला सहा मिनिटे असताना अठरा वर्षांच्या ओबाफेमी मार्टिन्सने बरोबरी साधली. त्यानंतर कालोनचा फटका मिलानचा गोलरक्षक अबियातीने अडवला आणि 1-1 अशा बरोबरीतच शिटी वाजली. दोन्ही सामने बरोबरीत, तरी मिलान अंतिम फेरीत. कारण प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेला गोल बरोबरीत सरस धरण्याचा तेव्हा नियम होता. आणि प्रतिस्पर्ध्याचे मैदान कोणते? तेच! गवत तेच, खांब तेच, फक्त तिकिटांचा मोठा वाटा कोणाच्या चाहत्यांना मिळाला एवढाच फरक. दूरच्या प्रवासाचा त्रास सोसून गोल करणाऱ्याला बक्षीस मिळावे म्हणून 1965 साली आलेला हा नियम ट्रॅमने मैदानावर येणाऱ्या संघाला लावला गेला. युरोपीय संघटनेने तो 2021 साली रद्द केला, तोवर इंटरच्या जखमेवर अठरा वर्षे मीठ चोळून झाले होते. मिलानने पुढे युव्हेंटसला पेनल्टींवर हरवून चषकही नेला.

आता थोडे या प्रकाराच्या मुळाशी जाऊ. युरोपच्या स्पर्धेत घरचेच दोन संघ एकमेकांना भिडतात कसे? मूळ स्पर्धा देशोदेशींच्या विजेत्यांची होती. एका देशाचा एक संघ. आदल्या वर्षीच्या चषकविजेत्याला तेवढी वेगळी जागा. या जागेमुळेच 1959 साली माद्रिदचे रेआल आणि अॅटलेटिको उपान्त्य फेरीत गाठ पडले. एकेक सामना वाटला गेला आणि निकालासाठी तिसरा सामना सारागोसाला खेळावा लागला. पुढच्याच वर्षी रेआलने बार्सिलोनाला हरवले. अशा लढती म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

1997 पासून मोठ्या देशांच्या उपविजेत्यांना प्रवेश मिळाला, 1999 पासून एकेका देशाचे चार संघ आले आणि योग नित्याचा झाला. लिव्हरपूल आणि चेल्सी तर 2005, 2007 आणि 2008 अशा चार वर्षांत तीनदा उपान्त्य फेरीत भेटले. 2025-26 च्या हंगामात इंग्लंडचे सहा संघ उतरले. याचे कारण खेळात नसून दूरचित्रवाणीच्या पैशात आहे. ज्या देशाची लीग जगभर विकली जाते त्याचे क्लब श्रीमंत. श्रीमंत क्लब जिंकतात. जिंकणाऱ्या देशाला जास्त जागा मिळतात. मध्यरात्री सव्वाबारा-साडेबाराला डोळे चोळत टीव्हीसमोर बसणारे मुंबई-पुण्यातले आपण सारे या चक्राला थोडा हात लावतोच. 1986 साली बुखारेस्टचा स्टेआवा आणि 1991 साली बेलग्रेडचा रेड स्टार चषक घेऊन गेले होते. आज तिथल्या चाहत्याने असे स्वप्न पाहिले तर घरचे काळजी करतील. सान सिरोतल्या भाऊबंदकीची मजा आपण घेतो, तेव्हा तिची किंमत बेलग्रेडने मोजलेली असते.

एप्रिल 2021 मध्ये बारा बड्या क्लबांनी याच्याही पुढे जाऊन कायमची वेगळी पंगत मांडायचे ठरवले. त्यात मिलान आणि इंटर दोघेही होते. इंग्लंडमधले चाहते रस्त्यावर उतरले आणि बेत दोन-तीन दिवसांत कोसळला. मालकांचा हिशेब साधा होता : थोरामोठ्यांच्या लढती लोकांना आवडतात, तर त्या दर आठवड्याला द्याव्यात. रोज पुरणपोळी वाढली तर तिला सणाची चव राहत नाही, हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हते.

वीस वर्षे थांबलेल्या इंटरच्या चाहत्याने ती चव 2023 मध्ये घेतली. पुन्हा मे महिना, पुन्हा उपान्त्य फेरी, पुन्हा मिलान. 10 तारखेच्या पहिल्या सामन्यात अकरा मिनिटांतच झेको आणि मखितारियान यांनी दोन गोल केले; 16 तारखेला लाउतारो मार्टिनेझने तिसरा केला. इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीने इंटरला 1-0 असे हरवले, ही गोष्ट वेगळी. मिलानमधल्या इंटरवाल्याशी बोलायला बसलात, तर तो इस्तंबूलवरून झटकन पुढे जाईल आणि त्या अकरा मिनिटांवर येऊन थांबेल.

मैदानाचे मात्र दिवस भरले आहेत. 2025 साली मिलानच्या नगर परिषदेने सान सिरो या दोन क्लबांना विकायला मंजुरी दिली. जुन्या वास्तूचा बराचसा भाग पाडून शेजारीच नवे मैदान बांधायचे आणि तेही दोघांनी मिळून वापरायचे, असा बेत आहे. शंभर-सव्वाशे वर्षे भांडूनही वाड्याची वाटणी करायला कोणी तयार नाही.