हलक्या काठीचं कौतुक पुरे

वीर धरणाच्या फुगवट्यावर गळ घेऊन येणाऱ्या पोरांना कुणीतरी एक चुकीची गोष्ट शिकवून पाठवतंय. काठी जेवढी हलकी तेवढी चांगली, ही ती गोष्ट. दुकानात काठी हातात घेतली की ती पिसासारखी वाटते, माणूस खूश होतो, पैसे मोजतो. पण दुकानात वारा नसतो. वारा इथं आहे, आणि काठी इथं टाकायची आहे.

शिरवळ नीरेच्या काठावर. अलीकडं सातारा जिल्हा, पलीकडं पुणे जिल्हा. १९६०च्या दशकात वीरला धरण झालं आणि पाणी मागं पसरत आमच्यापर्यंत आलं. पूर्वी नदीत गळ टाकायचा म्हणजे डोहाच्या काठाला बसायचं, झाडाची सावली, पाणी निवांत. आता समोर उघडं पाणी. मध्ये झाड नाही, टेकाड नाही. पावसाळ्यात घाटाकडून पश्चिमेचा वारा येतो आणि उन्हाळ्यातही दुपारनंतर पाण्यावर लाटा उठतात. पाठीवर वारा घेऊन टाकलं तर गळ लांब जातो, हे पोरालाही कळतं. पण वारा वरचं पाणी आणि त्यावरचं खाणं ढकलत नेतो आणि समोरच्या काठाला साठवतो. मासा खाण्यामागं जातो. म्हणजे पुष्कळदा लाटा जिथं आपटतात तिथंच उभं राहावं लागतं, तोंडावर वारा घेऊन. खरी परीक्षा तिथं आहे.

अलीकडं पिसांची माशी बांधून गळ टाकणारे येऊ लागलेत. आपल्या गांडुळाच्या गळाला शिसं असतं, ते तंगूस ओढत पुढं जातं. पिसाच्या माशीला वजनच नसतं. तिथं जाड दोरी हेच वजन. काठीनं ती दोरी मागं फेकायची, ती सरळ झाली की पुढं फेकायची, आणि दोरीच्या मागं माशी जाते. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. हा आसूडच आहे. आसूड वाजतो तो वादीमुळं. वादीच्या जागी शिवणाचा दोरा बांधा आणि हाताला लागेल तेवढी भारी मूठ घ्या, वाजतोय का बघा.

अशाच एका पोरानं मला त्याची काठी दाखवली. "काका, ऐंशी ग्रॅम फक्त! सहा नंबर."

मी म्हटलं, "बाळा, काठी ऐंशी ग्रॅमची असू दे. दोरी किती ग्रॅमची?"

त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सगळी मेख तिथंच आहे. काठीच्या मुठीवर जो नंबर लिहिलेला असतो तो दोरीच्या वजनाचा असतो. दोरीच्या पुढच्या तीस फुटांचं वजन धरून तो ठरतो. सहा नंबरला ते साडेदहा ग्रॅमच्या आत भरतं. आठ नंबरला साडेतेरा ग्रॅम. सराफाच्या भाषेत सांगायचं तर सहा नंबर म्हणजे तोळाभर दोरी आणि आठ नंबर म्हणजे तोळा आणि वर साडेतीन ग्रॅम. सोन्यात साडेतीन ग्रॅमला माणूस भांडतो. काठी घेताना मात्र विचारतही नाही.

खळ्यावर वावडीवर उभं राहून ज्यानं उफणलंय त्याला वाऱ्याचा कायदा ठाऊक आहे. पाटी एकच, वारा एकच. दाणा पायाशी पडतो, भूस लांब उडतं. तोळाभर दोरी समोरच्या वाऱ्यात भुसासारखी मागं येते. मग माणूस जोर लावतो. जोर लावला की दोरीचा फेरा मोठा होतो, मोठ्या फेऱ्यात वारा जास्त भरतो, आणि दोरी आणखी मागं येते. उजव्या अंगानं वारा असेल तर गळ थेट कानात किंवा मानेत.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, आमच्याकडं मासे लहान, अर्ध्या किलोच्या चिलापीला आठ नंबर कशाला? उत्तर सोपं आहे. नंबर माशाला बघून नाही, वाऱ्याला बघून घ्यायचा. चिलापी लहान असेल, वारा लहान नाही. दुसरा, जड काठीनं हात दुखतो. दहा वेळा टाकून एकदा नीट पडणाऱ्या हलक्या काठीनं हात जास्त दुखतो, की दोनदा टाकून दोन्ही वेळा पडणाऱ्या जड काठीनं? तिसरा, मग लांब काठी घेऊ, अकरा-बारा फुटी. एका हाताला ती झेपत नाही, आणि जेवढी लांब तेवढा वारा तिलाच धरतो. दोन्ही हातांनी टाकायच्या लांब काठ्या असतात, त्या वेगळ्या आणि त्यांची टाकण्याची रीतही वेगळी. शिकणाऱ्यानं नऊ फुटांवर थांबावं.

आता आमच्या गावकऱ्यांनाही बोलतो, कारण हलकेपणाचं कौतुक जसं शहरात तसं कळकाचं कौतुक गावात. "आमच्या आज्यानं कळकाच्या काठीनं मण मण मासे मारले." मारले असतील, डोहाच्या काठाला बसून. कळकाला मी नावं ठेवत नाही. विलायतेत आणि अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या भारी काठ्या बांबूच्याच होत्या. चीनमधला घट्ट बांबू उभा फोडायचा, सहा पट्ट्या तासायच्या आणि चिकटवून एक काठी करायची. काचतंतू दुसऱ्या महायुद्धानंतर आला, कार्बन १९७०च्या दशकात. पण तासून जोडलेली ती काठी वेगळी आणि बांधावरून तोडलेला कळक वेगळा. रीळ नाही, दोरी काठीएवढीच, आणि समोर एवढं पाणी. तिथं आज्याचं नाव घेऊन गळ लांब जात नाही.

एवढं का भांडतोय, असं कुणी विचारेल. कारण यात नुसत्या पैशाचा प्रश्न नाही. गळ लांब जात नाही तेव्हा माणूस काय करतो? चार पावलं पुढं जातो. मग आणखी चार. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठाला गाळ उघडा पडतो. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि खाली मांडीएवढा चिखल. धरणाच्या पाण्याखाली जुनी नदी असते, ओढे असतात, बुडालेल्या विहिरी असतात. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला गळ्याएवढ्या पाण्यात जातो. चुकीची काठी माणसाला पाण्यात ओढते, ते असं. आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. वरून तारा गेल्या असतील तिथं ती उभी धरू नये. वळवाचे ढग आले की खाली ठेवावी आणि काठ सोडावा.

माशाचंही ऐकून घ्या. हलक्या काठीवर मोठा मासा लागला की अर्धा तास झुंज चालते, फोटो निघतो आणि मासा सोडून देतात. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी. दमलेला मासा पोहत गेलेला दिसतो, पण तो जगेलच असं नाही. खडस आमच्या नद्यांतून आधीच कमी झाली, तिला तरी असं दमवू नका. पुरेशा ताकदीच्या काठीनं लवकर काढा, पाण्यातच गळ सोडवा. पहिल्या पावसातल्या चढणीच्या माशांना तर हातच लावू नका, त्यांच्या पोटात अंडी असतात. आणि धरणाच्या पाण्यात मासेमारीचा ठेका सोसायटीकडं असतो, तेव्हा विचारून बसा.

मग घ्यायचं काय? नऊ फुटी, आठ नंबरची काठी. दोरी तिच्याच नंबरची, पुढच्या अंगाला जाड असलेली. टोकाचं तंगूस आखूड, सात फुटांच्या आसपास. वारा फारच असेल तर बुडणारी दोरी, कारण तेवढ्याच वजनात ती बारीक असते आणि वारा तिला कमी धरतो. काठी टोकाकडं वाकणारी हवी, पण लोखंडी सळईसारखी ताठ नको. नव्या माणसाला तिच्यात दोरीचं वजन जाणवतच नाही. टाकताना मागं उंच आणि पुढं खाली. वारा उजवीकडून असेल तर जागा बदला, हट्ट करू नका.

आणि दुकानदाराला एकच सांगा: काठी मोकळ्या रानात नेऊन वाऱ्याच्या तोंडाला टाकून बघू द्या. बैल घेताना आपण त्याला चालवून बघतो, दात मोजतो. काठीला बैलाइतके पैसे पडत नाहीत, पण चालवून बघायला काय जातं? जो नको म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.