सोडतो की, डॉक्टर!

कोल्हापुरातल्या कुठल्याही दवाखान्यात ऐकू येईल असा संवाद. "तंबाखू सोडा, नाहीतर कॅन्सर होईल." "सोडतो की, डॉक्टर!" आणि पायरी उतरली की तळहातावर चुना मळून पुढचा बार तयार.

आपण म्हणतो, लोकांना कळतच नाही. खरंच? 2016-17 च्या गॅट्स सर्वेक्षणात भारतातल्या 95.6 टक्के प्रौढांना मान्य होतं की खायच्या तंबाखूने गंभीर आजार होतात. आणि त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते! मग तेच आणखी मोठ्या आवाजात सांगून काय साधणार?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या व्यसनाबाबत वेगळी वाट मांडली. 1991 मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यावर पुस्तक लिहिलं. नाव 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग'. स्टेजवरून ओरडणारे मोटिव्हेशनल स्पीकर आठवले ना? इथे उलट आहे, बोलायचं पेशंटने.

त्याला विचारायचं, "तंबाखू सोडणं 10 पैकी किती महत्त्वाचं वाटतं?" समजा तो म्हणाला 4. "फक्त 4?" म्हटलं की गडी लगेच स्वतःचा बचाव करू लागतो. त्याऐवजी विचारायचं, "4 का? 1 का नाही?" आता सोडण्याची कारणं त्यालाच शोधावी लागतात. "पोरगी जवळ आली की नाक मुरडते..." हे कारण कुठल्या पोस्टरवर सापडणार? आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट क्लायंटच्या तोंडून आली पाहिजे, आपण गृहीत धरलेली नव्हे.

ही जादू नाही, हेही सांगायला हवं. 2005 मध्ये 72 चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. चारपैकी सुमारे तीन अभ्यासांत ही पद्धत नेहमीच्या उपदेशापेक्षा सरस ठरली. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत फरक दिसला, पण रोजच्या सिगारेटी आणि मधुमेहींची तीन महिन्यांची साखर यांत ठोस फरक दिसला नाही. निकोटिनची शारीरिक ओढ नुसत्या गप्पांनी जात नाही, तिथे औषधोपचारही लागतात.

"ओपीडीत एवढा वेळ कुणाला आहे?" हा आक्षेप रास्त आहे. त्या आढाव्यात 15 मिनिटांच्या भेटींचाही 64 टक्के अभ्यासांत उपयोग दिसला होता, पण आपल्याकडे 15 मिनिटं हीसुद्धा चैनच! म्हणून मला वाटतं, हे काम एकट्या डॉक्टरवर न टाकता समुपदेशक, नर्स, आशाताई यांना शिकवावं. फुकट गेलेल्या उपदेशालाही वेळ लागतोच की!

आणि थोडं आपणही शिकावं. पुण्या-बेंगलोरहून दर रविवारी फोनवर "बाबा, गोड खाऊ नका, चालायला जा" हे आपलं ठरलेलं भाषण असतं. एकदा फक्त विचारून बघा, "बाबा, तब्येत सुधारली तर काय काय करावंसं वाटतं?"

आणि मग गप्प बसा. अवघड तेच आहे.