थोरो धुळ्याच्या तुरुंगापर्यंत पोहोचतो का? शाळेने विचारावा असा एक प्रश्न

१/ वर्डस्वर्थ, एमर्सन, थोरो यांच्या वाट्याला शाळेत फार तर एक परिच्छेद येतो. निसर्गप्रेम, व्यक्तिस्वातंत्र्य, अंतःप्रेरणा: तीन शब्द पाठ, दोन गुण पदरात. रोमँटिक आणि अतींद्रियवादी विचार असे घोकून कळत नाहीत, ते मुलांना शोधायला लावावे लागतात. त्यासाठी जळगाव-धुळ्याइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल.

२/ त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० साली धरणगावला जन्मले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच भादली स्थानकापाशी रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. पाठ्यपुस्तक त्यांना ‘निसर्गकवी’ म्हणून मोकळे होते. कोणी त्यांना इंग्रजी रोमँटिकांच्या रांगेतही बसवतो. पण त्यांनी इंग्रजी किती वाचले होते? जे वाचले ते मुळातून, की आधीच्या मराठी कवींच्या मार्फत? केशवसुत काही वर्षे याच जिल्ह्यात फैजपूरला शिक्षक होते, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? ‘प्रभाव’ हा शब्द लिहिण्यापूर्वी पुरावा मागावा लागतो, एवढे जरी दहावीत उमगले तरी पुष्कळ झाले.

३/ थोरोचे ‘वॉल्डन’ (१८५४) म्हणजे तळ्याकाठचे ध्यान, असा समज आहे. प्रत्यक्षात त्या पुस्तकात हिशेब आहेत. झोपडीचा खर्च २८ डॉलर १२॥ सेंट. सुमारे अडीच एकरांत घेवड्याच्या जातीचे पीक, त्यावर खर्च १४ डॉलर ७२॥ सेंट, उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट. कापसाच्या बियाण्याचा आणि फवारणीचा हिशेब घरात रोज ऐकणारा चोपड्याचा किंवा शिरपूरचा विद्यार्थी हे प्रकरण प्राध्यापकापेक्षा लवकर ओळखेल. आणि हेही विचारील, की दोन वर्षांनी शेत सोडून गावात परतण्याची मुभा किती शेतकऱ्यांना असते?

४/ इथे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आठवणे अपरिहार्य आहे. आसोद्याच्या या लेकीला अक्षरओळख नव्हती. गाणी इतरांनी टिपली, पुस्तक निघाले ते निधनानंतर, १९५२ साली. त्यांना ‘खानदेशची एमर्सन’ म्हणण्याचा मोह टाळावा. एमर्सन निसर्गात जातो. बहिणाबाईंना तेथून बाहेर पडण्याची सवडच नव्हती. हा भेद विद्यार्थ्याने स्वतः शोधला, तर त्याला दोघेही कळतील.

५/ आता धुळे. विल्किन्सचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १७८५ साली लंडनला छापले गेले. पुढे ते अमेरिकेत पोहोचले, एमर्सन-थोरोंनी वाचले. थोरोचा सरकारच्या प्रतिकारावरील निबंध १८४९ चा. तो गांधीजींनी वाचला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. गीता निघाली, जग फिरली, खानदेशात परतली! फलकावर लिहायला फार सुंदर वर्तुळ.

६/ मात्र ते तपासले की तडा दिसतो. दक्षिण आफ्रिकेतला सत्याग्रह १९०६ साली सुरू झाला. थोरोचा निबंध गांधीजींच्या हाती त्यानंतर आला, आणि आपली कल्पना त्यातून उगवल्याचे त्यांनी पुढे स्पष्टपणे नाकारले. विनोबांची गीता तर मराठी परंपरेतून, ज्ञानेश्वरांकडून आलेली; तिला बोस्टनच्या वळशाची गरजच नव्हती. तेव्हा आधी विद्यार्थ्याला वर्तुळ काढू द्यावे, मग त्याच्याकडूनच ते खोडवून घ्यावे.

७/ ‘अभ्यासक्रम पुरा होत नाही, वर हे कुठे?’ ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. एका वर्गाला चाळीस निबंध तपासण्याऐवजी चार गट आणि चार प्रश्न पुरतात. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे. अमळनेरच्याच शाळेत साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. पहिल्या गटाने भादलीपासून सुरुवात करावी: १९१८ च्या मे महिन्यातील कोणती वृत्तपत्रे आज कुठे वाचायला मिळतात, आणि त्यांत त्या मृत्यूची बातमी आहे का?