'करण्यात आले'च्या पलीकडे : एका धर्मग्रामाचे वर्ष आणि त्याचे उद्याचे बेत

मराठी समीक्षेने 'ख्रिस्ती मराठी साहित्य' असा एक कप्पा फार पूर्वीच तयार करून ठेवला आहे. त्यात १६१६ सालचे फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' आहे, १८५७ची बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आहे, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई आहेत आणि अलीकडचे, २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आहेत. विद्यार्थी ही नावे पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. या कप्प्यात जे कधीच आले नाही ते म्हणजे ही भाषा ज्या संस्थेत आठवड्यातून किमान एकदा मोठ्याने बोलली, गायली आणि ऐकली जाते ती संस्था, म्हणजे धर्मग्राम. ग्रंथ आपण वाचले. ग्रंथांना कान देणारा समाज मात्र आपण समाजशास्त्राच्या विभागाकडे ढकलून मोकळे झालो. प्रस्तुत लेखात त्या समाजाच्या वर्षाकडे आणि त्याच्या भविष्याच्या आराखड्यांकडे भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून पाहायचे आहे.

धर्मग्राम म्हणजे चर्चची इमारत नव्हे. १९८३च्या चर्चच्या कायदासंहितेने त्याची व्याख्या करताना आधी नाव घेतले आहे ते श्रद्धावंतांच्या स्थिर समूहाचे. हद्द, इमारत, मालमत्ता या गोष्टी नंतर येतात. वसईच्या किनारपट्टीवर हे नीट समजते. १५३४च्या तहाने हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो घेतला. राज्य गेले, किल्ला ओस पडला, पण गावोगावचे समूह टिकले. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला तो या समूहांच्या बळावर. केळी, पानवेल आणि भाजीपाला पिकवणाऱ्या या माणसांची घरची बोली सामवेदी ऊर्फ कादोडी, नाहीतर वाडवळी. या बोली केवळ ख्रिस्ती नाहीत. शेजारचा हिंदू सामवेदी आणि हिंदू वाडवळही त्याच बोलतो. निर्मळसारख्या एकाच गावात विमलेश्वराचे मंदिर आणि पवित्र क्रुसाचे चर्च आहे. दोन्हींकडे जाणाऱ्यांची शिवारे एकमेकांना लागून आहेत.

या समूहाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते नोव्हेंबरच्या अखेरीस अथवा डिसेंबरच्या आरंभी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. चार रविवार वाट पाहायची, मग नाताळ. पुढे राखेचा बुधवार येतो आणि चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. कपाळाला लागणारी राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या पानांची करण्याची रीत आहे. गेल्या वर्षीचा जयजयकार या वर्षीची राख होतो, हे रूपक कोणा कवीने रचलेले नाही, ते पंचांगातच आहे. ईस्टरची तारीखही चंद्रावर ठरते. २१ मार्चला वा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टरचा. तिथी पाहून सण करणाऱ्या शेजाऱ्याला हा हिशेब परका वाटण्याचे कारण नाही. मे महिना मरियामातेचा, जून पवित्र हृदयाचा, ऑक्टोबर जपमाळेचा, नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. रविवारच्या शास्त्रवाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे, म्हणजे नियमाने येणारी निरक्षर आजीसुद्धा तीन वर्षांत शुभवर्तमानांचा मोठा भाग कानांनी वाचून काढते. आपल्या कीर्तनपरंपरेने जे काम केले, त्याच जातीचे हे काम होय.

आता या वर्षाच्या भाषेकडे वळू. मिस्सा, पाद्री, क्रूस हे शब्द पोर्तुगिजांकडून आले. ज्या वाटेने चावी, पाव आणि बटाटा आपल्या घरात आले त्याच वाटेने हेही आले. परंतु प्रार्थनेची भाषा म्हणून मराठीला कॅथलिक वेदीवर जागा मिळाली ती फार उशिरा. हा इतिहास विचित्र आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी एक इंग्रज जेझुइट मराठी ओवीत ख्रिस्तकथा रचतो. त्याच शतकाच्या उत्तरार्धात, १६८४ साली, गोव्याचा व्हाइसरॉय स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढतो. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच बायबल मराठीत आणायला सुरुवात केली होती, पण कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीत लोकभाषांना दार उघडले, तेव्हा कुठे शेतावरून आलेल्या माणसाला वेदीवरचे वाक्य आपल्या भाषेत ऐकू आले. म्हणजे ज्या भाषेला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, तिचे कॅथलिक वेदीवरचे वय जेमतेम साठीच्या घरात आहे. स्नानसंस्कार, दृढीकरण, प्रायश्चित्तकाळ, धर्मप्रांत ही परिभाषा मराठीत अलीकडे घडली आणि रुळली. परिभाषा कशी घडते हे शिकवण्यासाठी आपण शासकीय कोशांतली उदाहरणे देतो. लोकांनी साठ वर्षे तोंडात घोळवून जिवंत केलेली ही परिभाषा मात्र आपल्या वर्गात येत नाही.

इथपर्यंतचे विवेचन परंपरेचे झाले. मुद्दा पुढे आहे. धर्मग्रामाच्या जीवनाचा वर्षाकाठी एक अहवाल होतो. तो स्मरणिकेत छापला जातो किंवा सभेत वाचला जातो. हे अहवाल साहित्यप्रकार म्हणून वाचून पाहावेत. त्यांतले सर्वांत लाडके क्रियापद 'करण्यात आले' हे आहे. शिबिर आयोजित करण्यात आले, वृक्षारोपण करण्यात आले, ज्येष्ठांचा सत्कार करण्यात आला. कर्ता कुठे आहे? शिबिरासाठी पहाटे उठून भाकऱ्या थापणारी बाई कुठे आहे? झाडे लावली, त्यांतली किती जगली हे सांगणारा माळी कुठे आहे? ही कर्तृहीन वाक्यरचना चर्चची खास नाही. महाविद्यालयांचे, ग्रंथालयांचे, साहित्यसंस्थांचे अहवाल याच साच्यातले असतात आणि आपणच ते लिहीत असतो. मात्र ज्या संस्थेची व्याख्याच 'समूह' या शब्दाने सुरू होते, तिच्या वाक्यांतून समूह गायब होणे ही केवळ शैलीची बाब राहत नाही. उद्याचे बेतही मग त्याच प्रयोगात लिहिले जातात : सभागृह बांधण्यात येईल, युवकांसाठी केंद्र उभारण्यात येईल. ठरवले कोणी, राबवायचे कोणी, चुकले तर विचारायचे कोणाला, हे तिन्ही प्रश्न एका क्रियापदात विरघळून जातात.

या प्रश्नांना आज विशेष धार आहे. २०२१ ते २०२४ या काळात चाललेल्या सिनडच्या प्रक्रियेचा अंतिम दस्तऐवज २६ ऑक्टोबर २०२४ रोजी संमत झाला. विद्यमान कायद्याप्रमाणे धर्मग्रामाचे अर्थमंडळ सक्तीचे आहे, पण पाळकीय मंडळ बिशपांना योग्य वाटेल तिथेच, आणि त्याचे मत केवळ सल्ल्याचे. या दस्तऐवजाने अशी सहभागाची मंडळे बंधनकारक व्हावीत असा आग्रह धरला. आर्थिक ताळेबंदाबरोबरच कार्याचाही वार्षिक अहवाल तयार करून प्रसिद्ध करावा, असे सुचवले. पुढचे वेळापत्रकही ठरले आहे. स्थानिक पातळीवर अंमलबजावणी, २०२७च्या पूर्वार्धात धर्मप्रांतांत आढावा आणि ऑक्टोबर २०२८मध्ये व्हॅटिकनमध्ये व्यापक सभा. म्हणजे वसईतल्या एखाद्या वाडीतल्या माणसाला आपल्या धर्मग्रामाचे उद्या काय व्हावे हे सांगण्याची संधी कागदावर तरी आहे. तो ती कोणत्या भाषेत घेणार?

हा प्रश्न भावनिक नाही. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. जमिनी गेल्या, इमारती आल्या आणि इमारतींबरोबर कोकणी, मल्याळी, तमिळ बोलणारे कॅथलिकही आले. त्यांना त्यांच्या भाषेत प्रार्थना मिळाली पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. जे मराठीला १९६३ नंतर मिळाले ते इतरांना नाकारण्याचा अधिकार मराठीला नाही. दुसरीकडे मूळ गावांतली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. आजी कादोडीत बोलते, आई मराठीत जपमाळ म्हणते आणि नात इंग्रजीत उत्तर देते, असे घर आता अपवादाचे नाही. अशा ठिकाणी सोय म्हणून योजनेचा मसुदा इंग्रजीत झाला, तर चर्चा आपोआप इंग्रजी येणाऱ्या चारदोघांत होईल. सहभागाचे मंडळ बंधनकारक होईल आणि सहभाग ऐच्छिक राहील.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, धर्मग्राम ही श्रद्धेची संस्था आहे, भाषासंवर्धन मंडळ नव्हे. हे खरे आहे. परंतु समूहाच्या स्मृतीचा सांभाळ या संस्थेने स्वतःच स्वीकारलेला आहे. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे व अभिलेख जतन करणे तिच्या कायद्यातच आहे. ज्या संस्थेला माणसाच्या जन्ममरणाची नोंद आपली वाटते, तिला त्याच्या बोलीची नोंद परकी का वाटावी? दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. प्रमाण मराठीने वेदीवर येताना कादोडी-वाडवळीला ओसरीतच ठेवले. मग आज मराठीने इंग्रजीबद्दल तक्रार करणे म्हणजे सुनेवरचा राग सासूने विसरून जाण्यासारखे नाही काय? या आक्षेपाला उत्तर तक्रारीने देता येणार नाही. मराठीने आपल्या जागेतली थोडी जागा बोलीला दिली, तरच तिला इंग्रजीकडे जागा मागण्याचा नैतिक अधिकार उरेल.

म्हणून धर्मग्रामांच्या आराखड्यांत सभागृहाच्या खर्चाशेजारी आणखी काही ओळी असाव्यात असे वाटते. वार्षिक अहवाल प्रत्येक वाडीने, प्रत्येक गटाने आपापल्या शब्दांत लिहावा आणि त्यात काम करणाऱ्यांची नावे यावीत. त्यातले एक पान तरी बोलीत असावे. लग्नातली, पेरणीतली, रात्रजागरणातली बोलीगीते म्हणणाऱ्या बायका आज आहेत, त्यांचा आवाज युवकगटाने ध्वनिमुद्रित करून अभिलेखात ठेवावा. जुन्या वह्या कीड आणि खारी हवा यांपासून वाचवण्याची तरतूद असावी. योजनेचा मसुदा आधी मोठ्याने वाचून दाखवावा, कारण हा समाज कानांनी वाचणारा आहे. यांतल्या कशालाही फार पैसा लागत नाही. वेळ आणि ऐकण्याची तयारी मात्र लागते.

आणि मराठी विभागांचे काय? एम.ए.च्या लघुप्रबंधांसाठी तेच पाच-सात लेखक वर्षानुवर्षे वाटून देण्यापेक्षा, किनाऱ्यावरच्या एखाद्या विद्यार्थिनीला तिच्याच धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांच्या स्मरणिका वाचायला सांगावे. शब्द कधी बदलले, लॅटिन कुठे राहिली, बोली कुठे डोकावली, 'आम्ही केले' हे 'करण्यात आले' कधी झाले, हे तिला शोधू द्यावे. भाषेचा इतिहास म्हणतात तो याहून वेगळा नसतो. 'ख्रिस्तपुराण' शिकवताना त्या ओव्या ऐकणारे लोक कोण होते असा प्रश्न आपण विचारतो आणि अंदाजावर भागवतो. त्या लोकांच्या जातकुळीतले श्रोते आज रविवारी सकाळी साडेसहाच्या मिस्सेला हजर असतात. पुढचा आराखडा त्यांच्या तोंडच्या भाषेत लिहिला गेला, तर चारशे वर्षांनंतरच्या अभ्यासकाला आपल्याइतके अंदाज करावे लागणार नाहीत.